बाण म्हणजे तीर नव्हे

पनवेलजवळच्या कर्नाळ्याच्या सुळक्याकडे निघालेल्या तरुणांच्या बोलण्यात जंग्या, चर्या, फांजी हे शब्द आता सहज येतात. दुर्गभटक्यांनी किल्ल्यांच्या बांधकामाची भाषा पुन्हा वापरात आणली, हे त्यांचे मोठे काम. शस्त्रांच्या भाषेला मात्र असा कोणी वाली मिळालेला नाही. तलवार, भाला, तोफ, बंदूक या चार शब्दांत मराठी फौजेची सारी हत्यारे कोंबली जातात.

सर्वांत मोठा गैरसमज 'बाण' या शब्दाचा. अठराव्या शतकातल्या पत्रांत आणि बखरींत लढाईत बाण सुटले असे वाचले, की वाचकाच्या डोळ्यांपुढे धनुष्य येते. तिथे बहुतेक वेळा अग्निबाण अभिप्रेत असतो. लोखंडी नळीत दारू ठासायची, ती लांब बांबूला घट्ट बांधायची आणि वात पेटवून शत्रूच्या रोखाने सोडायची. धनुष्यातून सुटतो तो तीर, आणि तो सोडणारा तीरंदाज. अग्निबाण सोडणारा तो बाणदार. बाणाचा नेम भरवशाचा नसे. पण फुत्कारत, वेडावाकडा येणारा तो जाळ घोडदळात किंवा हत्तींच्या रांगेत घुसला, की जनावरे उधळत आणि फळी मोडे. दिवाळीत पनवेलच्या गल्ल्यांतली मुले बाटलीत उभा करून उडवतात, तोही बाणच. अर्थ घरात जिवंत आहे, इतिहास वाचताना मात्र तो आठवत नाही.

हे शस्त्र किरकोळ नव्हते. 1780 मध्ये पोल्लिलूरच्या लढाईत हैदरअली आणि टिपूच्या बाणांनी इंग्रजांची दाणादाण उडवण्यात मोठा वाटा उचलला. पुढे म्हैसूरचे बाण इंग्लंडला नेण्यात आले आणि त्यांच्या अभ्यासातून तिथल्या विल्यम काँग्रीव्हने आपले अग्निबाण घडवले. 2018 मध्ये कर्नाटकातल्या शिवमोग्गा जिल्ह्यातील नगर इथे एका जुन्या विहिरीतून असे हजाराहून अधिक बाण निघाले. लोहार आणि दारू बनवणारे यांचे केवढे कसब त्यामागे होते, ते 'धनुष्यबाण' समजणाऱ्याला कसे कळावे?

जंबुऱ्याचीही तीच गत. फारसीत जंबूर म्हणजे गांधीलमाशी. जंबुरा म्हणजे उंटाच्या पाठीवर फिरत्या खुंटीवर बसवलेली हलकी तोफ. उंटावरच्या अशा तोफेला सुतरनाळही म्हणत. 14 जानेवारी 1761 रोजी पानिपतावर अब्दालीच्या जंबुऱ्यांनी मराठ्यांचे अतोनात नुकसान केले. मराठ्यांच्या अवजड तोफा जागच्या हलत नव्हत्या आणि हे उंट हवे तिथे नेऊन बसवता येत होते. दोन्हींना नुसते 'तोफा' म्हटले, तर त्या दिवशीच्या पराभवाचे एक ठोस कारणच नजरेआड होते.

ही नावे विसरली कशी गेली? 1818 मध्ये कर्नाळा इंग्रजांकडे गेला. 1878 च्या शस्त्रकायद्याने सामान्यांच्या घरातली उरलीसुरली हत्यारेही परवान्याच्या कचाट्यात आणली. पुढच्याच वर्षी, कर्नाळ्याच्या किल्लेदाराचे नातू असलेले शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके बंड करून उठले. हत्यारे गेली तशी त्यांची नावेही बोलण्यातून गेली, हे स्वाभाविकच होते. आज ती विसरलेली राहण्याचे मात्र काही कारण नाही.

शिवकाळात रघुनाथ पंडितांनी रचलेल्या 'राज्यव्यवहारकोशा'त शस्त्रांसाठी स्वतंत्र वर्ग आहे. हत्यारांना नेमकी नावे असणे त्या राज्याला कारभाराइतकेच निकडीचे वाटले. 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या 12 किल्ल्यांना जागतिक वारसा मानले. त्यात कर्नाळा नाही. म्हणून इथे काही करायचे नाही, असे नव्हे. कर्नाळ्याच्या अभयारण्याच्या फाटकाशी आणि शिरढोणला बाण, जंबुरा, सुतरनाळ यांची चित्रे आणि दोन-दोन ओळींची माहिती असलेला फलक लावायला फार पैसा लागत नाही. पाठ्यपुस्तकांतही पानिपतच्या धड्यात ही नावे त्यांच्या अर्थासह यायला हवीत.