मागितलं एक, मिळालं भलतंच!

आम्हा लिनक्सवाल्यांना एक खोड असते. ज्युनिअर दिसला की त्याला विंडोज सोडायला सांगायचं. ‘अरे, तुझा पीसी, तुझी मर्जी!’ हे आमचं ब्रह्मवाक्य. पण उबंटूवर सॉफ्टवेअर टाकायची सध्याची तऱ्हा बघितली की या मर्जीबद्दल जरा बोलावंसं वाटतं.

आधी ॲप्टचं कौतुक करतो. पूर्वी एक पॅकेज टाकायला गेलं की ते दुसरं मागायचं, दुसरं तिसरं मागायचं. डेबियनने १९९९ मध्ये २.१ या आवृत्तीत ॲप्ट आणलं आणि ही पायपीट संपवली. उबंटू डेबियनवरच उभं असल्याने त्यालाही ते मिळालं. एक कमांड द्या, लागेल ते सगळं ॲप्ट शोधून आणतं. शिवाय एकच लायब्ररी दहा प्रोग्राम मिळून वापरतात, अगदी होस्टेलमधल्या इस्त्रीसारखी!

मग आलं स्नॅप. उबंटूत क्रोमियम २०१९ च्या १९.१० पासून आणि फायरफॉक्स २०२२ च्या २२.०४ पासून स्नॅप म्हणून येतो. गंमत अशी की तुम्ही टाइप करता ‘ॲप्ट इन्स्टॉल फायरफॉक्स’. ॲप्ट नावापुरतं एक पॅकेज आणतं आणि ते मागच्या दाराने स्नॅप बसवतं!

स्नॅपचीही बाजू आहे, नाही असं नाही. प्रोग्राम आपल्या लायब्ररी सोबत घेऊन येतो, म्हणून एकच पॅकेज अनेक आवृत्त्यांवर चालतं. त्याला बाकीच्या सिस्टिमपासून कुंपणात ठेवता येतं. ब्राउझरसाठी हे चांगलंच. माझं भांडण स्नॅपशी नाही, न विचारता ते गळ्यात मारण्याशी आहे.

आणि मित्रहो, होस्टेलचा हिशोब वेगळा असतो. सगळा मजला एका नेटवर. स्नॅप सोबत सामान घेऊन येतं, म्हणून डाउनलोड मोठा. वर ते दिवसातून चार वेळा अपडेट तपासतं आणि आपोआप उतरवतं. थांबवता येतं, पण कसं ते नवख्याने शोधत बसायचं. ॲप्टची रिपॉझिटरी कोणीही आपल्या सर्व्हरवर उतरवून ठेवू शकतो. स्नॅपचं दुकान मात्र एकाच कंपनीचं, आणि त्या दुकानाच्या सर्व्हरचा कोड खुला नाही. मुक्त सॉफ्टवेअरच्या गप्पा मारणाऱ्यांना हे खटकायला नको?

इतरांना खटकलंच. २०२० च्या लिनक्स मिंट २० मध्ये ॲप्टने परस्पर स्नॅप बसवू नये अशी सोय केली गेली. ज्याला हवं त्याने स्वतः चालू करावं. मोझिलानेही २०२४ मध्ये फायरफॉक्ससाठी स्वतःची ॲप्ट रिपॉझिटरी दिली. म्हणजे मार्ग आहेत.

म्हणून दोन गोष्टी सुचवतो. लॅबच्या सरांना विनंती, की एखाद्या जुन्या पीसीवर ‘ॲप्ट-कॅशर-एनजी’ बसवावं. एकाने उतरवलेलं पॅकेज मग बाकीच्यांना कॉलेजच्या आतूनच मिळेल, बाहेरच्या नेटवर ताण नाही. आणि सीनिअर मंडळींनो, ज्युनिअरला उबंटू टाकून देताना ‘स्नॅप लिस्ट’ ही कमांड एकदा चालवून दाखवा. कुठलं सॉफ्टवेअर कुठून आलं हे त्याला कळू द्या. नंतर त्याने स्नॅप ठेवावं नाहीतर काढावं, ती खरी त्याची मर्जी.