व्हिला नाही, बांध आहे!

आमच्या ऑफिसातल्या लंच टेबलवर सध्या एकच टॉपिक गाजतोय, इटलीतलं लेक कोमो! तळ्याकाठचा व्हिला कार्लोटा, त्याची अझेलियाची बाग, पलीकडे बेलाजिओतला व्हिला मेल्झी. या बागा आणि हवेल्या म्हणे गाइडसोबत रमतगमत पायी बघायच्या. आयडिया झक्कास! पण ईएमआय भरून खिशात किती उरतं, ते दर महिन्याच्या पंचवीस तारखेला कळतंच की.

तर दोस्तहो, यंदाच्या थंडीत एक वीकएण्ड काढा आणि आपल्याच महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला या. गोंदिया जिल्हा, अर्जुनी-मोरगाव तालुका, गाव नवेगावबांध. इथेही तळं आहे, सुमारे ११ चौरस किलोमीटरचं. बागा आहेत. तळ्याकडे तोंड करून बसलेली विश्रामगृहं आहेत. व्हिला मात्र नाही. त्याऐवजी काय आहे, ते चालता चालता सांगते.

सुरुवात भल्या पहाटे करा. स्वेटर हवाच, इथली थंडी पुण्या-मुंबईवाल्यांना झेपणारी नाही. आधी बागेत डोकावून घ्या. कॅमेऱ्याला हवं ते सगळं तिथे मिळेल. मग बांधावर चढा. समोर धुक्यातून एकेक डोंगर वर येतो. मोजा, सात भरतील. गावातले लोक त्यांना सातबहिणी म्हणतात. हिवाळ्यात पाण्यावर दूरदेशीचे पक्षी उतरलेले असतात. दुर्बीण असेल तर सॉलिड मजा, नसेल तर नुसते कान उघडे ठेवा.

आता पायाखाली बघा. तुम्ही ज्यावर उभे आहात, तीच इथली हवेली! हा बांध अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळी यांनी घातला, असं मानतात. क्रेन नाही, सिमेंट नाही. डोंगरांच्या मधली वाट अडवायची, पावसाचं पाणी साठवायचं आणि मोरीतून पाटाने खालच्या धानाच्या बांध्यांना द्यायचं, एवढं साधं गणित. कोहळी समाज या कामात तरबेज. तलाव बांधेल त्याला त्याखालची जमीन, अशी गोंड राजांची रीत होती असं सांगतात. म्हणून तर भंडारा-गोंदियाला आजही तलावांचे जिल्हे म्हणतात.

तळ्याच्या मधोमध मालडोंगरी नावाचं बेट दिसतं. कोलू पाटलांचा वास तिथे आहे, असं लोक मानतात आणि त्यांना कोलासूर देव म्हणून पुजतात. आपल्यातले निम्मे इंजिनिअर आहोत. प्रोजेक्ट वेळेत संपवला म्हणून आपला कधी देव झालाय का? अप्रेझलमध्ये धड स्टार मिळत नाही!

बांधावरून उतरून गावात शिरा आणि एखाद्या टपरीवर चहा घ्या. शेजारी बसलेल्या आजोबांना तलावाबद्दल विचारलंत, की चहा गार होईस्तोवर गोष्टी चालतात. मी विचारलं, ‘‘बाबाजी, तलाव कुणाचा?’’ ते हसले. ‘‘कागदावर सरकारचा. पन तहान आमची आहे नं बाई!’’

या एका वाक्यात सगळा इतिहास आला. १९५० नंतर मालगुजारी गेली, गावोगावचे मालगुजारी तलाव सरकारकडे आले. पण दरवर्षी गाळ काढायचा कुणी, पाळ दुरुस्त करायची कुणी, याचं उत्तर हरवलं. तलाव उथळ झाले, काठाला बेशरमची झुडपं माजली, मासे घटले. मासेमारीवर जगणाऱ्या धिवर समाजाच्या चुली त्यावर अवलंबून. मग याच तालुक्यातल्या धिवर बायकांनी कंबर कसली. पाण्यात उतरून बेशरम उपटली, देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या. गावातल्या तळ्यात देशी मासे परतू लागले. कोलू पाटलांची खरी वारसदार कोण, हे मी वेगळं सांगायला नको.

नवेगाव राष्ट्रीय उद्यान झालं १९७५ साली. १२ डिसेंबर २०१३ ला ते नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात आलं. पण मराठी घरात हे नाव पोचवलं ते मारुती चितमपल्लींनी. इथे वनाधिकारी असतानाचे अनुभव ‘नवेगावबांधचे दिवस’मध्ये आहेत. २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी १८ जूनला ते गेले. पुस्तक सॅकमध्ये टाकून या. दुपारी विश्रामगृहाच्या व्हरांड्यात, समोर तळं ठेवून वाचण्यासारखी दुसरी चैन नाही.

परतताना खालच्या शेतांकडे नजर असू द्या. नशीब जोरावर असेल तर धानाच्या बांधीत सारसाची जोडी दिसेल. हा पक्षी महाराष्ट्रात मुख्यतः याच जिल्ह्यात उरलाय. तलाव, बोड्या आणि धान टिकले तरच तो टिकेल. लांबूनच बघा, फोटोसाठी बांधीत घुसू नका.

व्हिला बघून आपण म्हणतो, काय श्रीमंत लोक होते! हा बांध बघून म्हणावंसं वाटतं, काय कामाचे लोक होते. त्यांचं काम अजून चालू आहे, खालच्या प्रत्येक बांधीत.

कोमोला जाऊ की, बोनस झाला की!

जाता जाता : नागपूरहून साधारण १५० किलोमीटर, गोंदियाहून ६५ च्या आसपास. जवळचं स्टेशन देवलगाव, गोंदिया-चांदाफोर्ट मार्गावर. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बेस्ट. सफारी आणि राहण्याचं बुकिंग आधी करा, पावसाळ्यात सफारी बंद असते. जंगलाच्या आत मनाला येईल तसं पायी फिरता येत नाही. पायी फिरायला बांध, बागा आणि गाव पुरेसं आहे.