मऊ कुकी आणि हिरवा ठिपका



मागच्या महिन्यात माझ्या सातवीतल्या मुलीने मला एक प्रश्न विचारला आणि मला उत्तर देता आलं नाही. शाळेतून आल्यावर कुकीचा पुडा हातात घेऊन ती मागची बारीक अक्षरं वाचत बसली होती. म्हणाली, "आई, आपण मध खात नाही ना? मग यात कसा?"

पुडा मीच आणला होता. चार-पाच महिने दर पंधरवड्याला तोच आणत होते. पुढे हिरवा ठिपका, शेजारी ठळक अक्षरात 'एगलेस'. एवढं बघितलं की माझं समाधान व्हायचं. मागे घटकांच्या यादीत मध लिहिलेला होता. लपवलेला नव्हता, मीच वाचला नव्हता. मद्य, मांस, मधु हे तीन मकार आपण मुलांना पाठशाळेत पहिल्या वर्षी शिकवतो. तिने शिकलेलं पुड्यावर लावून बघितलं. मी ठिपका बघून पुडा पिशवीत टाकला.

सासूबाईंनी लगेच निकाल दिला, "बंद करा ते बाहेरचं सगळं." त्यावर मुलगी रडायला लागली. रडता रडता तिने सांगितलं की दोन महिन्यांपूर्वी मैत्रिणीच्या वाढदिवसाला तिने दालचिनीची मऊ कुकी खाल्ली होती, आणि नंतर कळलं की त्यात अंडं होतं. घरी सांगायची भीती वाटली म्हणून सांगितलं नाही. मला कुकीपेक्षा त्या भीतीचं जास्त वाईट वाटलं. आपलं मूल चुकलं तर आपल्याकडे यावं, आणि इथे ते दोन महिने एकटंच ते ओझं घेऊन फिरत होतं.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालं आहे. नुसतं "नको" म्हणून चालत नाही आणि नुसत्या ठिपक्यावर विसंबूनही चालत नाही. मुलांना जे आवडतं ते एकदा उलगडून बघावं, त्यातलं आपल्याला काय चालतं आणि काय नाही हे त्यांच्यासोबत बसून ठरवावं, आणि चालेल ते घरी करावं.

आधी ठिपक्याबद्दल. हिरव्या चौकोनातला हिरवा गोल म्हणजे सरकारी नियमाप्रमाणे शाकाहारी. तो खोटा नाही. पण २०२०च्या लेबलच्या नियमात मांसाहारी अन्नाच्या व्याख्येतून दूध आणि दुधाचे पदार्थ यांच्याबरोबर मध, मधमाशीचं मेण आणि लाखही वगळलेली आहे. म्हणजे मध घातलेल्या पदार्थावर हिरवा ठिपका येणं कायदेशीर आहे. कांदा, लसूण, बटाटा यांना तर तो ठिपका चालतोच. तो ठिपका आपल्या श्रावकाचारासाठी केलेलाच नाही, म्हणून त्याच्यावर रागवण्यात अर्थ नाही. ज्यांच्या मुली अमेरिकेत किंवा युरोपात आहेत त्यांनी आणखी जपावं. तिकडे 'व्हेजिटेरियन' या शब्दात अंडं सहसा धरलेलं असतं.

आता ती कुकी. अमेरिकेत तिला स्निकरडूडल म्हणतात. गोळी दालचिनी-साखरेत घोळवून भाजतात. कडेला जराशी घट्ट, मध्ये मऊ आणि दाताखाली थोडी ताणली जाणारी. नानकटाईसारखी भुसभुशीत नाही आणि बिस्किटासारखी कुरकुरीतही नाही. मुलीला आणि मला दोघींना हवी होती ती हीच. आम्ही मूळ कृती कागदावर लिहून काढली आणि एकेका जिनसेसमोर खूण करत गेलो.

अंडं गेलंच. पण ते तिथे काय करतं हे समजल्याशिवाय पर्याय सापडत नाही. अंड्यात तीन चतुर्थांश पाणीच असतं. ते ओलावा देतं, पीठ बांधून ठेवतं आणि थोडं फुगवतं. ओलाव्याला गाळलेलं पाणी आहे, बांधायला कणकेतला चिकटपणा आहे आणि फुगवायला सोडा आहे. अंड्याचं तीन गोष्टींचं काम तीन साध्या जिनसा मिळून करतात.

दुसरं लोणी. बाजारातलं बटर कधीचं असतं ते तुम्हाला माहीत आहे. लोण्याची मर्यादा अंतर्मुहूर्ताची, म्हणजे ४८ मिनिटांच्या आतली. आपल्याकडे म्हणूनच लोणी लगेच कढवून तूप करतात. तेव्हा तूपच घ्यायचं. पण बटरमध्ये साधारण १६ टक्के पाणी असतं आणि तुपात जवळजवळ नसतंच. बटरच्या जागी तेवढंच तूप घातलं की कुकी तेलकट आणि भुसभुशीत होते, म्हणजे नानकटाईच होते. माझी पहिली खेप तशीच झाली. तूप थोडं कमी आणि पाणी वेगळं घातलं तेव्हा जमलं.

तिसरं क्रीम ऑफ टार्टर. हे नाव ऐकून मला वाटलं दुधाचं काहीतरी असेल. ते द्राक्षांच्या दारूच्या पिंपांत तळाला आणि कडेला साचणारे खडे शुद्ध करून केलेली आंबट पूड असते. त्यात दारू राहत नाही हे खरं, पण ती येते कुठून हे कळल्यावर माझा हात गेला नाही. सोड्याला आंबट काहीतरी हवं असतं, ते काम लिंबाचा रस करतो.

चौथा मैदा. तो कधी दळला हे पुड्यावरून आपल्या पद्धतीने ठरवता येत नाही. पिठाची मर्यादा आपण पावसाळ्यात ३, उन्हाळ्यात ५ आणि हिवाळ्यात ७ दिवस धरतो. म्हणून गिरणीतून ताजी आणलेली कणीक बारीक चाळणीने चाळून घेतली. कुकी रंगाने सावळी होते, पण चवीला मैद्याहून चांगली लागते.

ब्राउन शुगरऐवजी आपला कोल्हापुरी गूळ. मऊपणाचं अर्धं श्रेय त्याचंच आहे, कारण गूळ ओलावा धरून ठेवतो. इथे माझी एक चूक झाली. दुसऱ्या खेपेला मी पाण्याऐवजी दही घेतलं. सासूबाई स्वयंपाकघरात आल्या आणि म्हणाल्या, "अगं, गूळ आणि दही एकत्र?" आमच्याकडे जुन्या बायका दही-गूळ कधी एकत्र करत नाहीत, हे मला माहीत होतं. इंग्रजी कृतीच्या नादात विसरले. ते दही बाजूला ठेवलं. कोणी यात बेसन घालणार असेल तर तिनेही दह्याला हात लावू नये, द्विदल होईल.

आता प्रमाण. साधारण १५ कुकीज होतात. चाळलेली कणीक १५० ग्रॅम, साजूक तूप ७५ ग्रॅम (थिजलेलं पण मऊ), गूळ ८० ग्रॅम, साखर ३० ग्रॅम, गाळलेलं पाणी ३ मोठे चमचे, लिंबाचा रस १ लहान चमचा, खायचा सोडा पाव लहान चमचा, चिमूटभर मीठ. घोळवायला २ मोठे चमचे साखर आणि २ लहान चमचे दालचिनीची पूड.

गूळ कोमट पाण्यात विरघळवून कापडाने गाळा. गुळात मुंगी किंवा कचरा असतोच. गार झाल्यावर तुपात घालून साखरेसोबत भरपूर फेटा. कणीक, सोडा आणि मीठ एकत्र चाळून त्यात मिसळा, शेवटी लिंबाचा रस. मळू नका, नुसतं एकत्र करा. मळलं की चपातीसारखं चामट होतं. अर्धा तास झाकून ठेवा, तेवढ्यात कणीक पाणी पिते. सुपारीहून थोड्या मोठ्या गोळ्या करून दालचिनी-साखरेत घोळवा, हाताने किंचित दाबा आणि अंतर सोडून ताटलीत मांडा.

दालचिनीची पूड घरीच करा. ती झाडाची साल आहे, कंद नाही, तेव्हा शंका नको. पण काडी मोडून आत बघा, पोकळीत कधी कधी किडा असतो. आणि ओव्हन तापवण्याआधी दार उघडून आतून पुसा. गोडाच्या वासाने मुंग्या कुठेही शिरतात. हे काम मी मुलीला दिलं आहे आणि ती ते माझ्याहून नीट करते.

१८० अंशांवर ९ ते १० मिनिटं पुरतात. कडा घट्ट दिसतात, मधला भाग कच्चा वाटतो, तेव्हाच बाहेर काढायचं. ताटलीच्या उष्णतेवर ती १० मिनिटांत पुरती होते. आणखी ३ मिनिटं ठेवली तर बिस्किट होईल. ओव्हन नसेल तर जाड कढईत स्टँड ठेवून, झाकण लावून, मंद आचेवर होते. वेळ थोडा जास्त लागतो, मधून बघत राहावं लागतं.

हे सगळं करताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली आणि मुख्य म्हणजे तीच सांगायची होती. या कुकीचा मऊपणा म्हणजे तिच्यात राहिलेलं पाणी. आपल्या मर्यादेचा सगळा हिशोबही पाण्यावरच आहे. तूप, साखर आणि पीठ यांचा कोरडा लाडू पिठाच्या मर्यादेइतका टिकतो, पाणी घातलेला पदार्थ आम्ही दुसऱ्या दिवसावर नेत नाही. मग दुकानातली मऊ कुकी सहा-सहा महिने मऊ कशी राहते? ओलावा धरून ठेवणारी ग्लिसरीन, सॉर्बिटॉल यांसारखी द्रव्यं, साखरेचे पाक, टिकाऊपणाची रसायनं, हवाबंद पुडा. त्यांना तो माल दूरवर पाठवायचा असतो, म्हणून ते तसं करतात. आपल्याला कुठे पाठवायचं आहे? दुपारी करायच्या आणि सूर्यास्ताच्या आत संपवायच्या.

बस्तीत एका अक्कांना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "हे सगळे जिभेचे चोचले. रसत्याग शिकवायचा सोडून तू नवे रस शिकवतेस." अक्कांचं बोलणं खोटं नाही. मी त्यावर बरेच दिवस विचार केला. गोड सोडणारी माणसं माझ्याहून पुढची आहेत, हे मी मान्य करते. पण बारा वर्षांच्या मुलीला त्यागाआधी विवेक यावा लागतो. काय सोडायचं आणि का, हे तिला कळलं तर पुढे ती स्वतःहून सोडेल. न कळता सोडायला लावलं तर ती बाहेर खाईल आणि घरी सांगणार नाही. तसं आमच्या घरात होऊन गेलं आहे.

अक्कांच्या बोलण्यातून मी दोन नियम मात्र घेतले. एका वेळी १५च करायच्या, डबा भरायचा नाही. आणि अष्टमी-चतुर्दशीला आणि दशलक्षणात ओव्हन बंद. मऊ कुकी साठवता येत नाही हे त्या दृष्टीने बरंच आहे. उरतील म्हणून शेजारी चार, सासूबाईंना एक, माझ्या मुलीच्या डब्यात काही नाही, कारण दुसरा दिवस उजाडलेला असतो.

मैत्रिणींच्या वाढदिवसाचं काय, असा प्रश्न राहतोच. आता वाढदिवस असेल त्या दुपारी आम्ही घरी करतो आणि ती डबा भरून घेऊन जाते. एकटीने पाणी पीत बसण्यापेक्षा सगळ्यांना वाटते. पहिल्यांदा नेल्या तेव्हा एका मैत्रिणीने विचारलं, "यात अंडं नाही, मग मऊ कशी?" मुलीने तिला गूळ आणि पाण्याचा हिशोब सांगितला म्हणे.

तेवढ्यासाठी माझी एक दुपार गेली तर जाऊ दे. आणि पुड्याची मागची बाजू आता मीही वाचते.

काही चुकलं असेल तर उत्तम क्षमा. तुमच्या घरात काही वेगळी पद्धत असेल तर जरूर कळवा.

जय जिनेंद्र.