तांबड्या शाईतला खाडा

दिवाळी अंकाच्या पानात काहीतरी गोडधोड वाढावे असा संकेत आहे, आणि या सदरात मी तो आजवर इमानाने पाळला. यंदा मात्र थोडे कडूही वाढणार आहे. वाचकांनी ते नरकचतुर्दशीच्या पहाटेच्या कारिटासारखे नुसते जिभेला लावावे. पुढचा फराळ त्याने अधिकच गोड लागतो.

त्याचे असे झाले. आमचे चिरंजीव दुबईला नोकरीला आहेत. तिकडच्या शाळांना सुट्टी पडते ती ऐन जुलैत. "आईबाबा, तुम्ही या, आपण सगळे मिळून इजिप्त पाहू," असे त्याने फर्मान काढले आणि तिकिटेही काढली. डोंबिवलीत धो धो पाऊस कोसळत असताना आम्ही उभयता छत्री घेऊन विमानात बसलो. ती छत्री पुढे उघडली ती लक्सरच्या उन्हात. त्या गावी पाऊस बहुधा पडतच नाही. डोक्यावर बेचाळीस अंशांची भट्टी मात्र पेटलेली!

लक्सर नाईल नदीच्या काठी आहे. जुन्या मिसरी लोकांनी नदीच्या पूर्वेला माणसांनी राहावे आणि पश्चिमेला, जिथे सूर्य मावळतो तिकडे, मृतांनी राहावे अशी वाटणी केली होती. आदल्या दिवशी पूर्वेचे कर्णकचे देऊळ पाहून झाले होते. एका सभामंडपात १३४ खांब! ते पाहताना आमची ही म्हणाली, "अहो, आपलं अंबरनाथचं देऊळ कधी पाहिलं होतं हो आपण शेवटचं?" डोंबिवलीहून पाचवे स्टेशन, पण शेवटचे पाहिले ते मुलाच्या मुंजीनंतर. मी नुसता हं म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहालाच पश्चिमतीर गाठला. हिने सोबत दशम्या आणि लसणाची चटणी घेतली होती. नात पुढे धावत होती, सूनबाई पाण्याच्या बाटल्या मोजत होत्या आणि चिरंजीव कानाला फोन लावून मागून चालत होते. सुट्टी मंजूर झाली होती, पण साहेबाला ते बहुधा कळले नसावे.

राजांच्या दरीत आजवर साठाहून अधिक थडगी सापडली आहेत. तुतनखामेनचे १९२२ साली हॉवर्ड कार्टरने शोधून काढले. बाकी खजिना कैरोकडे गेला, तरी तो कोवळ्या वयात गेलेला राजा अजून आपल्या जागीच निजला आहे. त्याला पाहून नात हळूच म्हणाली, "आजोबा, याला घरी नाही का जायचं?" मला उत्तर सुचले नाही.

दहाच्या सुमारास डोंगर तापला. एका टपरीवर वाटाड्याने आम्हांला लालभडक थंड सरबत पाजले. त्याला तिकडे करकदे म्हणतात. हिने एक घोट घेतला आणि ओरडलीच, "अहो, ही तर आपली लाल अंबाडीची बोंडं!" परक्या मुलखात ओळखीचे माणूस भेटावे तसा तिचा चेहरा फुलला.

"आता राजे पुरे," वाटाड्या म्हणाला, "ज्यांनी ही थडगी खोदली त्यांचं गाव दाखवतो." त्या गावाचे नाव दीर अल-मदिना. डोंगराच्या एका खोलगट घळीत भिंतीने वेढलेली सुमारे सत्तर घरे. मधून एक अरुंद गल्ली आणि दोन्ही बाजूंना भिंतीला भिंत लावून खोल्या. आता गुडघ्याएवढे दगड तेवढे उभे आहेत. मी पाहताक्षणीच म्हणालो, "ही तर चाळ!" गावात पाण्याचा थेंब नाही, ते खालून गाढवांवर लादून यायचे. "म्हणजे टँकर!" ही म्हणाली. तिचे अर्धे आयुष्य नळाची वेळ सांभाळण्यात गेले. तिला ते गाव माहेरासारखे वाटू लागले.

इथले कारागीर आठ दिवस काम करीत आणि दोन दिवस सुट्टी घेत. पगार गहू आणि जवाच्या मापाने मिळे. तिसऱ्या रामसेसच्या राजवटीच्या २९व्या वर्षी, म्हणजे इसवी सनापूर्वी सुमारे ११५७मध्ये, तो पगार थकला. तेव्हा ही माणसे हत्यारे खाली ठेवून गावाबाहेर पडली आणि एका देवळामागे जाऊन बसली. भूक लागली आहे, अंगावर कपडा नाही, तेल नाही, मासळी नाही, भाजी नाही, हे राजाला कळवा, असे त्यांनी बजावले. जगात ज्याची लेखी नोंद उरली आहे असा हा पहिला संप, असे मानतात. तो कागद आज इटलीतल्या तुरीनच्या संग्रहालयात आहे.

मग वाटाड्याने पिशवीतून एक छायाचित्र काढले. चुनखडीच्या एका दगडी पाटीचे. मूळ पाटी लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये ठेवली आहे. "तुम्ही कचेरीत काम केलंत ना? मग हे तुम्हांला ओळखता येईल," तो मला म्हणाला. मी पाहिले आणि चाळिशी पुसून पुन्हा पाहिले. ते मस्टर होते!

दुसऱ्या रामसेसच्या ४०व्या वर्षीचे, सव्वातीन हजार वर्षांपूर्वीचे हजेरीचे मस्टर. चाळीस कारागिरांची नावे. नावापुढे काळ्या शाईत गैरहजेरीचे दिवस आणि त्यावर तांबड्या शाईत कारण. आम्हां कारकुनांची तांबड्या शाईशी जुनी ओळख. लेटमार्क त्याच शाईत पडे. वाटाड्या एकेक कारण वाचू लागला. अमका आजारी. अमक्याचे डोळे आलेले. सेबा नावाच्या माणसाला विंचू चावला. कुणी घरी दारू गाळीत होता. आम्ही सगळे हसलो. मग तो म्हणाला, "आणि हा आला नाही, कारण तो आपल्या आईचं प्रेत वस्त्रात गुंडाळत होता."

मी हसायचा थांबलो. छत्रीची सावली असूनही मला एकदम ऊन लागल्यासारखे झाले.

वाचकहो, कारिटाची चव इथे आहे.

१९८७ सालची ३१ मार्च. आई थोरल्या भावाकडे कल्याणला होती. पहाटे पुतण्या निरोप घेऊन आला, "काका, आजीला बरं वाटत नाही, तुम्हांला बोलावलंय." मार्चअखेर होती, हिशेब पुरे व्हायचे होते. मी म्हणालो, "संध्याकाळी परस्पर येतो म्हणावं." डोंबिवली स्टेशनच्या एका फलाटावरून गाडी मुंबईला जाते, दुसऱ्यावरून कल्याणला. अंतर एका जिन्याचे. मी रोजच्या फलाटावर उभा राहिलो. दीड वाजता कचेरीत फोन आला. आई अकरालाच गेली होती. मला कुणी अडवले नव्हते. साहेबांना विचारले असते तर त्यांनी लगेच सोडले असते. मी विचारलेच नाही. त्या वर्षी मार्चअखेरपर्यंत माझ्या नावापुढे एकही खाडा नव्हता, आणि त्याबद्दल पुढे चारचौघांत माझी पाठ थोपटली गेली.

ती गोष्ट मी घरात कधी बोललो नव्हतो. हिला ठाऊक होती. तिने कधी काढली नव्हती. ती माझ्या शेजारी दगडावर बसली आणि न बोलता पाण्याची बाटली पुढे केली.

शेवटी आम्ही सेन्नेजेम नावाच्या कारागिराचे थडगे पाहिले. राजांची थडगी रंगवणाऱ्या या माणसांनी स्वतःसाठीही लहानशी थडगी खोदली. हे १८८६ साली सापडले. अवघड पायऱ्या उतरून वाकत आत गेलो तर चारी भिंती हळदीसारख्या पिवळ्या, जणू रंग काल लावला! त्यात सेन्नेजेम आणि त्याची बायको परलोकीच्या शेतात कापणी करताहेत, दोघेही पांढऱ्या शुभ्र वस्त्रांत. रजा तरी कशासाठी हवी असते माणसाला? आपल्या माणसाबरोबर असे चार दिवस मिळावेत म्हणूनच ना!

त्या संध्याकाळी नाईलकाठी मी चिरंजीवांना मार्चअखेरची गोष्ट सांगितली. उपदेश केला नाही. माझ्या तोंडी तो शोभलाही नसता. तो ऐकत राहिला. मध्ये एकदा त्याचा फोन वाजला. त्याने तो पाहिला आणि उलटा करून ठेवला.

परतल्यावर पावसाने उघडीप दिली तेव्हा आम्ही दोघे अंबरनाथला जाऊन आलो. वीसेक पायऱ्या उतरून गाभाऱ्यात टेकलो. देवळाच्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे १०६० साल, आणि शिलाहार राजा मामवाणीचे नाव आहे. भिंतीवरच्या एकेका मूर्तीपुढे मी थांबलो. हे कोरताना कुणाला विंचू चावला असेल, कुणाची आई गेली असेल. त्याच्या खाड्याची पाटी आपल्याकडे उरली नाही इतकेच.

हा मजकूर लिहीत असताना दुबईहून फोन आला. "बाबा, वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत आम्ही सगळे डोंबिवलीला येतोय."

मी विचारले, "आणि कचेरी?"

"खाडा," चिरंजीव म्हणाले, "तांबड्या शाईत."

"कारण काय लिहिलंस?"

पलीकडून नातीनेच उत्तर दिले, "आजी आणि आजोबा!"