रिपोर्ट निगेटिव्ह, पण बोटे सुजलेली

रक्ताचा रिपोर्ट 'निगेटिव्ह' आला की घरचे म्हणतात, "काही नाही ना? मग लाग कामाला!" पण त्या भगिनीची बोटे सकाळी वळत नाहीत, पीठ मळवत नाही. ती कामचुकार ठरते. वाचकहो, असे दोषी ठरवण्याआधी आपण हा रोग समजून घेऊ.

रूमॅटॉइड संधिवातात, ज्याला काहीजण आमवात म्हणतात, शरीराची संरक्षणशक्ती आपल्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. पुरुषांपेक्षा स्त्रियांत तो जास्त आढळतो. त्यासाठी 'आर. ए. फॅक्टर' तपासतात. पण शंभरातल्या साधारण २० ते ३० रोग्यांत तो सापडत नाही. 'अँटी सीसीपी' ही तपासणी अधिक नेमकी, पण तीही काहींची निगेटिव्ह येते. ईएसआर, सीआरपीही कधी नॉर्मल असतात. उलट, क्षयरोगात किंवा निरोगी वृद्धांतही फॅक्टर पॉझिटिव्ह येऊ शकतो. म्हणून नुसत्या कागदावर निदान होत नाही.

२०१० साली अमेरिकन व युरोपीय तज्ज्ञांनी ठरवलेल्या निकषांत १० पैकी ६ गुण लागतात. सांध्यांना ५ पर्यंत, फॅक्टर व सीसीपीला ३ पर्यंत, ईएसआर-सीआरपीला १ आणि त्रास सहा आठवडे टिकल्यास १. म्हणजे हातापायांच्या लहान सांध्यांसह दहाहून जास्त सांधे धरले असतील व सहा आठवडे उलटले असतील, तर रक्त निगेटिव्ह असूनही ६ गुण भरतात. मात्र सुजेचे दुसरे कारण नाही, हे डॉक्टरांनी आधी पाहायचे असते.

म्हणून डॉक्टरांना नीट सांगा: सकाळचा आखडलेपणा किती वेळ राहतो? अर्धा-एक तास किंवा जास्त राहिला तर तो महत्त्वाचा. दोन्ही हातांना त्रास आहे का? बोटांची मुळे व मधली पेरे सुजतात का? अलीकडे चिकुनगुनिया झाला होता का? अंगावर सोरायसिसचे चट्टे आहेत का? या दोन्हींतही सांधे असेच धरतात. शंका उरली तर सांध्यांची सोनोग्राफी किंवा एमआरआय करतात. एक्स-रेत न दिसणारी सूज त्यात दिसते.

दुकानातून स्टेरॉइडच्या गोळ्या परस्पर आणू नका. त्यांनी सूज दबते आणि निदान लांबते. मेथोट्रेक्सेट लिहून दिले, तर ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. रोज घेतल्यास जिवावर बेतते.

आम्ही घरच्यांना एवढेच सांगू : बोटे एकदा वाकडी झाली की औषधाने सरळ होत नाहीत. सूज टिकून असेल तर जुने रिपोर्ट घेऊन मोठ्या सरकारी रुग्णालयात पुन्हा दाखवा आणि तिच्यासोबत घरातले कोणीतरी जा.