नियम जगाचा, पण अंतर आमचे मोजा

मोबाईल आणि टॉवर एकमेकांशी कोणत्या नियमांनी बोलतील, हे कोणत्या संस्थेने ठरवावे? हा प्रश्न इंजिनिअर लोकांचा वाटतो. पण फोन लागावा म्हणून माणिकगडच्या डोंगरात उंचवटा शोधणाऱ्या माणसाचा तो आधी आहे.

५जीचे नियम ‘थ्रीजीपीपी’ हा जागतिक गट लिहितो. त्याच्या सात भागीदार संस्थांपैकी एक भारताची ‘टीएसडीएसआय’ आहे. त्या नियमांची परीक्षा घेते संयुक्त राष्ट्रांची दूरसंचार संस्था ‘आयटीयू’. या परीक्षेत ग्रामीण भाग म्हणजे दोन टॉवरमध्ये १,७३२ मीटर अंतर, असे धरले जाई. आमच्याकडे तेवढ्यात एका गावाचे शिवारही संपत नाही! भारताने आग्रह धरला आणि सहा किलोमीटरची कसोटीही त्यात आली.

पुढे टीएसडीएसआयने ‘५जीआय’ हे वेगळे मानक मांडले. आयटीयूने ते २०२० मध्ये मान्य केले. त्यातली मुख्य गोष्ट सोपी आहे. टॉवरचा आवाज मोठा, तो लांब जातो. हातातल्या मोबाईलचा आवाज बारीक, तो टॉवरपर्यंत परत पोचत नाही. तो लांबवर नेण्याची युक्ती ५जीआयने सक्तीची केली.

मोबाईल कंपन्यांनी विरोध केला. एकाच देशासाठी वेगळी यंत्रे, वेगळे फोन म्हणजे खर्च वाढणार. शेवटी डिसेंबर २०२१ मध्ये ५जीआय थ्रीजीपीपीच्या नियमांत विलीन झाले. काहींना ही माघार वाटली. मला तसे वाटत नाही.

दोन धनी असले की काय होते, हे आम्हाला शेजारच्या जिवती तालुक्यात दिसते. तिथल्या चौदा गावांवर महाराष्ट्र आणि तेलंगणा दोघेही हक्क सांगतात. शाळा दोन राज्यांच्या, मतदार याद्या दोन. कागद दुप्पट झाले, म्हणून सोयी दुप्पट झाल्या नाहीत. फोनच्या नियमांचेही असे दोन सवते संसार झाले असते, तर महाग फोनचा भुर्दंड गरिबालाच बसला असता.

म्हणून माझे मत असे : नियम लिहिणारी संस्था जगाची एकच असावी. बोर्डाची परीक्षा सगळ्यांना एकच असते, ते बरोबरच आहे. पण प्रश्नपत्रिकेत आमच्या पोरांनी पाहिलेले जगही असले पाहिजे. ते काम टीएसडीएसआयसारख्या देशी संस्थेचे, आणि ते तिने केले.

राहिले सरकारचे काम. नियमात एखादी सोय लिहिली, म्हणजे ती टॉवरवर बसली असे होत नाही. ग्रामीण टॉवरसाठी ‘डिजिटल भारत निधी’तून जनतेचा पैसा दिला जातो. तो देताना लांब पल्ल्याची ही सोय चालू ठेवण्याची अट घालावी. कंपन्यांना ही अट जड वाटत असेल, तर त्यांनी कारण सांगावे. पण ते सांगताना १,७३२ मीटरचे गणित पुढे करू नये.