विश्लेषण : आजोबांना ‘नसलेली माणसे’ का दिसतात? काय आहे लेवी बॉडी डिमेन्शिया?

ओटा रिकामा असताना ‘ती पोरं कोणाची?’ असे घरातले वृद्ध विचारू लागले, की कुणी बाहेरची बाधा म्हणतो, कुणी वय झाले म्हणतो. जळगाव-धुळ्यातही हे नवे नाही. कारण मात्र मेंदूचा आजार असू शकतो. देशात साठीपुढील सुमारे ८८ लाख जणांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. लेवी बॉडी हा त्यातलाच एक प्रकार.

आजार काय आहे?
मेंदूच्या पेशींत अल्फा-सिन्युक्लीन या प्रथिनाच्या गुठळ्या साचतात. फ्रेडरिक लेवी यांनी १९१२ मध्ये त्यांचे वर्णन केले, म्हणून हे नाव.

कसा ओळखायचा?
अल्झायमरमध्ये सहसा आधी स्मरणशक्ती जाते. इथे चार खुणा महत्त्वाच्या : सकाळी नीट बोलणारा माणूस दुपारी गोंधळणे, नसलेली माणसे किंवा प्राणी स्पष्ट दिसणे, झोपेत ओरडणे व हातपाय झाडणे आणि अंग ताठरून चाल मंदावणे. बुद्धी मंदावण्यासोबत यांतल्या दोन दिसल्या, तर शक्यता दाट.

निदान कोण करते?
खात्रीची साधी रक्तचाचणी नाही. थायरॉइड, बी-१२, एमआरआय या तपासण्या इतर कारणे वगळण्यासाठी असतात. निदान बरेचसे घरच्यांच्या सांगण्यावर ठरते. झोपेतल्या हालचालींचा मोबाइलवर व्हिडीओ काढून न्यूरॉलॉजिस्ट किंवा मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. आजोबा अहिराणीच बोलत असतील, तर प्रश्नही अहिराणीतच विचारले जायला हवेत; नाहीतर भाषेची अडचण विसराळूपणा ठरते.

सर्वांत मोठा धोका कोणता?
भास थांबवण्यासाठी दिलेले हॅलोपेरिडॉलसारखे औषध. या रुग्णांत त्याने अंग एकदम ताठरते, गुंगी वाढते, प्रसंगी जीवावर बेतते. कोणत्याही दवाखान्यात इंजेक्शनआधी ‘लेवी बॉडीचा संशय आहे’ हे आवर्जून सांगा.

उपचार आहेत का?
आजार बरा होत नाही, पण रिव्हास्टिग्मिन, डोनेपेझिल यांनी गोंधळ व भास कमी होऊ शकतात. ताठरपणावर लेव्होडोपा कमी मात्रेत देतात. त्याने भास वाढू शकतात, म्हणून लक्ष ठेवावे लागते. भासांवरून वाद घालू नका. घरात पुरेसा उजेड ठेवा, पडण्यापासून जपा.

मदत कुठे?
धुळे आणि जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत सुरुवातीची तपासणी होऊ शकते. सांभाळणाऱ्यांची घालमेल वाढली, तर ‘टेली-मानस’चा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे.